दोन गावांचा वाघ्या

प्रवासवर्णन लिहायचे म्हणजे माणसाने निदान काश्मीर तरी पाहून आलेले असावे, असा आपल्याकडे एक समज आहे. अलीकडे तर काश्मीरही मागे पडले. शेजारच्या बिऱ्हाडातील मंडळी सुट्टीत व्हिएतनामला जाऊन येतात आणि दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर तिथले फोटो आपल्यापुढे ठेवतात. अशा दिवसांत मी नळदुर्ग ते अणदूर या प्रवासाची हकीकत सांगायला बसलो आहे. वाचक हसतील, हसू द्या. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यातली ही दोन गावे. मध्ये अंतर ते कितीसे! सकाळी न्याहारी करून पायी निघालेला माणूस जेवणवेळेच्या आत पोचावा. पण साठी उलटलेल्या माझ्या आयुष्यात इतका लांबचा प्रवास मी दुसरा केलेला नाही, असे मला अजून वाटते. त्याला कारण माझा सोबती. तो चार पायांचा होता आणि आपण कुठे चाललो आहोत हे त्याला ठाऊक नव्हते. मला मात्र ठाऊक होते.

माझे मामा नळदुर्गला राहत. सारी हयात त्यांनी शाळामास्तरकीत घालवली आणि निवृत्त झाल्यावरही गाव सोडले नाही. 2023 च्या दिवाळीनंतर थोड्याच दिवसांत ते गेले. वय त्र्याऐंशी. झोपेतच गेले, कुणाला पाणी द्यायलाही उठवले नाही. मागे राहिली मामी, एक दगडी घर, पुस्तकांची तीन कपाटे आणि वाघ्या.

वाघ्या म्हणजे मामांचा कुत्रा. तो कारवानी जातीचा. शहरात ज्यांनी केसाळ, गुबगुबीत कुत्रीच पाहिली आहेत त्यांना हा कुत्रा प्रथमदर्शनी उपाशी वाटेल. लांब पाय, खोल छाती, पोट पाठीला लागलेले, तोंड निमुळते आणि चालणे असे की जमिनीला पायांचा आवाज म्हणून नाही. मराठवाडा आणि कर्नाटकाच्या सीमेवरचे हे जनावर. तांड्यांवर, धनगरांच्या वाड्यांवर पिढ्यान् पिढ्या ते वाढले आहे. मुधोळ संस्थानाच्या राजांनी त्याला आश्रय दिला, म्हणून त्याला मुधोळ हाउंड असेही म्हणतात. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटे काढली, त्यांत त्याचेही चित्र होते. मामांनी ते तिकीट आणून वाघ्याच्या आधीच्या कुत्र्याला दाखवले होते, असे मामी सांगते. वाघ्याला मात्र एका लमाण तांड्यावरून पिल्लू असतानाच आणले. तिथल्या एका मुलाला मामांनी शिकवले होते, त्याची ती गुरुदक्षिणा.

फेब्रुवारी 2024 मध्ये मामीचा फोन आला. “अरे, तू ये दोन दिवस. एक काम आहे, ते माझ्याने व्हायचे नाही.”

काम काय ते मला साधारण कळले होते. माझा मामेभाऊ पुण्यात नोकरीला. नवराबायको दोघेही सकाळी बाहेर पडतात ते रात्री परततात. चौथ्या मजल्यावर दोन खोल्यांचे घर. आईला एकटी ठेवायची नाही, हे त्याचे म्हणणे रास्त होते. तिला रक्तदाब आहे आणि गुडघेही दुखतात. पण ज्या कुत्र्याने जन्मात कधी दार बंद पाहिले नाही त्याला दिवसाचे बारा तास चौथ्या मजल्यावर कोंडायचे, हेही त्याला पटेना. अणदूरला मामांचा एक जुना विद्यार्थी द्राक्षबाग करतो. तो म्हणाला, “गुर्जींचं कुत्रं माझ्या बागेत राहील.” तेव्हा वाघ्याला अणदूरला पोचवायचे, एवढेच ते काम.

सोलापूरहून एस. टी. ने मी नळदुर्गला उतरलो तेव्हा दुपार कलली होती. माघ महिना. पहाटे अंगावर पांघरूण हवे आणि दुपारी सावली हवी, असे हे दिवस. 2023 चा पावसाळा मराठवाड्यात ओढीचा गेला होता. रानाचा रंग त्यामुळे दरवर्षीपेक्षा लवकर उतरला होता.

मामी दारात उभी होती. बारीक झालेली दिसली. वाघ्या पायरीवर बसला होता. त्याने मला हुंगले, माझी पिशवी हुंगली, मग माझ्या मागे, मी ज्या रस्त्याने आलो त्या रस्त्याकडे पाहिले. बरोबर आणखी कुणी येत आहे का, ते तो पाहत होता. मग तो परत पायरीवर जाऊन बसला.

“रोज असंच,” मामी म्हणाली. “एस. टी. आली की बघतो. यांना सोलापूरच्या दवाखान्यात नेलं होतं ना, तेव्हा हे एस. टी. नंच परत आले होते.”

चहा झाल्यावर मामी म्हणाली, “किल्ल्यात जाऊन ये. उगाच घरात बसू नको माझ्यापुढे.” मी एकटाच गेलो.

नळदुर्गचा किल्ला महाराष्ट्रातील मोठ्या भुईकोटांपैकी एक. शंभराहून अधिक बुरूज, तीन अंगांनी वळसा घालणारी बोरी नदी आणि काळ्या दगडाची तटबंदी. नळराजाने तो वसवला अशी दंतकथा आहे. इतिहासाला ठाऊक आहेत ते चालुक्य, बहामनी, आदिलशाही, मोगल आणि निजाम. उपळ्या बुरुजावर चढले की दोन लांबलचक तोफा पडलेल्या दिसतात. एक हत्ती तोफ, दुसरी मगर तोफ. पण या किल्ल्याचे खरे नवल खाली नदीत आहे. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 च्या सुमारास, बोरीवर एक बंधारा बांधला. त्याने नळदुर्ग आणि समोरचा रणमंडळ हे दोन किल्ले जोडले. आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात एक महाल बांधला. तो पाणीमहाल. पावसाळ्यात धरण भरले की डोक्यावरून दोन धबधबे कोसळतात. त्यांना लोक नर आणि मादी म्हणतात. आत सज्जात बसलेल्या माणसापुढे पाण्याचा पडदा पडतो, अंगावर मात्र थेंब येत नाही.

त्या दिवशी नर कोरडा होता आणि मादीही कोरडी. दगडावर शेवाळाचे वाळलेले पट्टे तेवढे होते. मी सज्जात एकटाच बसलो. लहानपणी मामांनी मला इथेच बसवून मेडोज टेलरची गोष्ट सांगितली होती. ठगांवर कादंबरी लिहून विलायतेत गाजलेला हा इंग्रज अधिकारी. 1853 साली हा मुलूख इंग्रजांकडे आला, तेव्हा नळदुर्गला कारभारी म्हणून आला, रस्ते बांधले, जमिनीची मोजणी सुरू केली. पुढे त्याने ‘तारा’ नावाची कादंबरी लिहिली, तिची सुरुवात तुळजापुरात होते. मामा म्हणत, “साहेब इथून गेला तरी त्याचं मन इथून निघालं नाही. नाही तर लंडनच्या वाचकाला तुळजापूर कशाला दाखवील?”

दुसरी गोष्ट त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांदेखतची होती. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज सोलापूरकडून हैदराबाद संस्थानात शिरली, तेव्हा पहिली मोठी चकमक नळदुर्गलाच झाली. बोरीवरचा पूल निजामाच्या सैन्याला उडवता आला नाही आणि रणगाडे त्यावरून पुढे गेले. मामा तेव्हा आठ वर्षांचे. आईबरोबर ज्वारीच्या शेतात लपून त्यांनी तो आवाज ऐकला. घरात एक म्हातारे कुत्रे बांधलेले राहिले होते. घाईत त्याला सोडायचे कुणालाच सुचले नाही. संध्याकाळी परतले तेव्हा ते जिवंत होते, पण त्या दिवसापासून मामांच्या घरात कुत्र्याच्या गळ्यात दावे बांधले गेले नाही.

सकाळी मामीने अंधारातच चूल पेटवली. गॅस आहे, पण भाकरी ती चुलीवरच करते. ज्वारीच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा, असे एका फडक्यात बांधले. दुसऱ्या फडक्यात एक जाड भाकरी वेगळी.

“ही त्याची. दूध नसलं तर नुसत्या पाण्यात कुसकर. तिखट लागू देऊ नको. आणि साखळी लावू नको. यांनी कधी लावली नाही.”

“येत्येस दारापर्यंत?” मी विचारले.

“दूध उतू जाईल,” मामी म्हणाली आणि आत गेली. चुलीवर दूध नव्हते.

वाघ्या माझ्याबरोबर निघाला, पण खरे तर मीच त्याच्याबरोबर निघालो. माझा बेत सरळ वाटेला लागायचा होता. त्याचा बेत निराळा होता. तो पुढे चालू लागला आणि पहिल्या वळणावर एका चहाच्या टपरीपाशी जाऊन बसला. टपरीवाल्याने काही न विचारता एका बिस्किटाचे दोन तुकडे केले, अर्धा वाघ्यापुढे टाकला आणि अर्धा बशीत ठेवला. मग माझ्याकडे पाहून ओशाळला.

“गुर्जी अर्धं खायचे आणि अर्धं ह्येला. हात बसलाय, काय करता?”

तो बशीतला अर्धा मी खाल्ला. त्या टपरीवर मामांचा रोजचा चहा होत असे, हे मला त्या दिवशी कळले. मामी त्यांना साखरेमुळे चहा देत नसे.

तिथून वाघ्या उठला तो शाळेच्या फाटकाशी थांबला. तिथे थोडा वेळ बसला. मुले अजून यायची होती. मग एका ओट्यापाशी थांबला, तिथे एक वृद्ध गृहस्थ उन्हात वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिले आणि उर्दू ढंगाच्या मराठीत म्हणाले, “आज उशीर केला मियाँ!” हे कुत्र्याला होते. माझ्याकडे त्यांचे लक्षच नव्हते. पुढे किल्ल्याचा तट दिसतो अशा एका कट्ट्यावर वाघ्या चढून बसला आणि बराच वेळ नदीकडे पाहत राहिला. मीही बसलो. मामांची सारी सकाळ अशी माझ्यापुढे उलगडली. साठ वर्षे त्यांचा भाचा होतो, पण त्यांचा दिवस कसा जातो हे मला कधी विचारावेसे वाटले नव्हते. ते मला कुत्र्याने दाखवले.

मैलारपूरला खंडोबाच्या देवळापाशी आलो तेव्हा ऊन कोवळेच होते. देवळाच्या पायऱ्यांखालूनच आम्ही हात जोडले. म्हणजे मी जोडले, वाघ्याने पुढचे पाय पसरून आळस दिला. शेजारी नारळ-भंडारा विकणारी एक म्हातारी बसली होती. तिने चिमूटभर भंडारा घेतला आणि माझ्या आधी वाघ्याच्या कपाळाला लावला.

“देवाचं हाय ते,” ती म्हणाली. “माणसाला काय, कवाबी लावता येतोय.”

आणि खरेच आहे. घोड्यावरच्या खंडोबाबरोबर कुत्रा हा असायचाच. ज्यांनी खंडोबाला आयुष्य वाहिले ते त्याचे वाघ्ये. स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, कोटंबीत घातलेली भिक्षा कुत्र्यासारखी तोंडाने खातात, भुंकतात. जेजुरीपासून मैलारापर्यंत धनगर, कोळी, देशस्थ ब्राह्मण, लिंगायत अशा साऱ्यांचा हा देव. त्याच्या दोन बायका. म्हाळसा वाण्याची आणि बाणाई धनगराची. एकीच्या घरी कडक सोवळे, दुसरीच्या घरी मेंढरे. दोन्ही घरे सांभाळताना देवाची जी तारांबळ उडते, तिच्यावर आपल्या वाघ्या-मुरळ्यांनी रात्रीच्या रात्री जागवल्या आहेत.

पण इथल्या खंडोबाला दोन बायकाच नव्हेत, दोन गावेही आहेत. नळदुर्गचा देव आणि अणदूरचा देव निराळा नाही. मूर्ती एकच. वर्षातले सव्वादहा महिने देव अणदूरला राहतो आणि पावणेदोन महिने नळदुर्गला, इथे मैलारपुरात. पौष पौर्णिमेची मोठी यात्रा इथे भरते, लाखो माणूस लोटते आणि ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ने माळ दुमदुमतो. नंतर देव परत अणदूरला जातो. हे जाणे-येणे नुसत्या श्रद्धेवर सोडलेले नाही. दोन्ही गावचे मानकरी एकत्र बसतात, लेखी करार होतो, मगच मूर्ती एका गावातून दुसऱ्या गावाला निघते.

“लेखी कशाला?” मी म्हातारीला विचारले.

“गाव सोडताना रडू येतंय की माणसांस्नी. मग कोन म्हनतंय ऱ्हाऊ द्या आठ दिस. कागूद असला म्हंजे रडायचं रडावं, आन् द्यायचं द्यावं.”

मी दहाची नोट पुढे केली. तिने पाचाचे नाणे परत दिले आणि वाघ्याच्या पाठीवरून हात फिरवला.

गाव मागे पडले आणि रान सुरू झाले. हमरस्त्याच्या गाड्यांचा आवाज दूर राहील अशी शेतांच्या बांधांवरची वाट आम्ही धरली. माघातले हे रान पाहण्यासारखे असते. पाहण्यासारखे म्हणजे चित्रासारखे नव्हे; कामाने भरलेले. ज्वारी काढणीला आली होती. बायामाणसे ओळीने बसून ताटे उपटत होती, पेंढ्या बांधत होती. धाटे वाळून कडबा होईल आणि वर्षभर गुरांच्या तोंडी जाईल. करडईची पिवळी-तांबडी फुले सुकून काटेरी बोंडे राहिली होती. तूर केव्हाच घरी गेली होती. बांधावर एका पळसाला चुकार फुले आली होती. बाकीचे पळस अजून विचार करत होते.

एका शेतात हरभऱ्याचे डहाळे उपटत होते. त्यांनी एक जुडी माझ्या हाती दिली. चालता चालता मी घाटे सोलून खाऊ लागलो. वाघ्याने एक खाऊन पाहिला, थुंकला आणि मग माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला डहाळे टाकूनच द्यावेसे वाटले.

पुढे काळ्याभोर शेळ्यांचा कळप आडवा आला. ही उस्मानाबादी शेळी. बहुतेक वेळा दोन करडे देणारी, कोरड्या मुलखात तग धरणारी. जिल्ह्याचे नाव 2023 साली बदलले. शेवटचा निजाम उस्मान अली याच्या नावावरून पडलेले उस्मानाबाद जाऊन जुने धाराशिव परत आले, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. शेळीला मात्र कुणी नवे नाव दिलेले नाही. राखणाऱ्या पोराला मी हे बोलून दाखवले. तो म्हणाला, “तिला काय, हाळी दिली की येती.”

त्या कळपाबरोबर दोन राखणदार कुत्री होती. ती दात काढून वाघ्यावर आली. माझ्या पोटात गोळा आला. वाघ्या मात्र नुसता उभा राहिला. ना शेपूट घातले, ना गुरगुरला. दोघांनी त्याच्याभोवती एक चक्कर घातली, हुंगले आणि निघून गेली. कपाळावरच्या भंडाऱ्याचा प्रभाव म्हणावा तर कुत्र्यांना तो दिसला असेल असे वाटत नाही.

ऊन तापू लागले तशी आम्ही एका विहिरीपाशी दशम्या सोडल्या. विहिरीचे पाणी खोल गेले होते. शेजारच्या वस्तीवरच्या बाईने घागर आणली. मी ओंजळ पुढे केली, तर तिने आधी एका फुटक्या परातीत पाणी ओतले.

“आदी त्येला. तुमाला मागून घेता येतंय.”

वाघ्या पाणी प्यायला, भाकरी खाल्ली, सावलीत पाय ताणून पडला. मी म्हटले, आता डोळा लागेल त्याचा. आणि तेवढ्यात बांधापलीकडच्या गवतातून ससा उठला.

काय झाले ते मला नीट सांगताही येणार नाही. शेजारी झोपलेला कुत्रा होता, तो नव्हता. दूर उताराला एक तांबूस रेघ पळत गेलेली दिसली, तिच्या पुढे एक करडा ठिपका. ठिपका वळला, रेघ वळली, दोन्ही एका ओघळीत उतरली आणि दिसेनाशी झाली. एरवी मामांच्या मागे टपऱ्या धुंडाळणारा तो म्हातारा सोबती क्षणात नाहीसा झाला. मागे राहिला तो शेकडो वर्षांचा शिकारी कुत्रा. त्याच्यात माझे, मामांचे, कुणाचेच काही नव्हते.

मी हाका मारल्या. शिट्ट्या मारल्या. ओघळीपर्यंत धापा टाकत गेलो. बाभळीत पायजमा फाटला. वाघ्या नाही. पाव तास गेला, अर्धा तास गेला. आणि वाचकहो, खरे सांगायचे तर त्या अर्ध्या तासात मला भीती वाटली तशी एकदा हायसेही वाटले. सकाळपासून छातीवर जो धोंडा होता तो जणू कुणी परस्पर उचलून नेला होता. आता मला त्याला कुणाच्या दारात सोडून यावे लागणार नव्हते. तो आपण होऊन गेला, असे मामीला सांगता आले असते.

हा विचार मनात येऊन पुरा होतो न होतो तोच तो परत आला. जीभ लोंबती, छाती लोहाराच्या भात्यासारखी, कानाला काट्याचा ओरखडा आणि तोंड रिकामे. ससा निसटला होता. वाघ्या माझ्याजवळ येऊन उभा राहिला आणि मी उठण्याची वाट पाहू लागला. त्याच्या डोळ्यांकडे पाहायची मला लाज वाटली.

अणदूरच्या बागेत पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. सशाने जेवणवेळ चुकवली होती. मामांचा विद्यार्थी, म्हणजे आता स्वतः आजोबा झालेला, वाट पाहत होता. द्राक्षाची तोडणी चालू होती. मांडवाखाली थंडावा आणि गोडसर आंबूस वास. त्याने लिंबाखाली पोते अंथरून ठेवले होते, नवी जर्मनची थाळी आणून ठेवली होती.

“राहील हितं,” तो म्हणाला. “माझ्या दारात राहील. माझं होईल का, ते नाय सांगता येत.”

मी जेवलो. वाघ्याला दूधभाकरी मिळाली. तो खाली मान घालून खाऊ लागला, आणि मी – हे लिहिताना आजही हात अडतो – मी त्या क्षणी बागेच्या मागच्या अंगाने निघून गेलो. लहान पोराला शाळेत सोडून आईबाप जसे निसटतात तसा. फाट्यावर वडाप जीप मिळाली. नळदुर्गला पोचायला पाव तासही लागला नसेल.

मामीने एवढेच विचारले, “पाणी प्यायला का वाटेत?”

“प्यायला.”

“बरं.” रात्री ती जेवली नाही. रडलीही नाही. मामा गेले तेव्हाही ती रडली नव्हती, असे सून मला फोनवर म्हणाली होती, आणि तीच काळजी सर्वांना होती.

पहाटे कडी वाजल्यासारखा आवाज झाला. मी उठण्याआधीच मामी दाराशी गेली होती. पायरीवर वाघ्या बसला होता. गळ्यात कुरतडलेल्या दाव्याचे हातभर टोक लोंबत होते. मी निघून गेल्यावर त्याला बांधले असावे. त्याने मामीकडे पाहिले, मग तिच्या मागे घरात पाहिले.

“आलास?” मामी म्हणाली. “आलास मेल्या? नाहीत रे ते. नाहीत आता.” आणि ती पायरीवरच बसली, त्याच्या मानेला हात घातला आणि तीन महिन्यांचे सारे एकदम बाहेर आले. मी आत जाऊन उगाच चूल फुंकत बसलो.

आठच्या सुमाराला द्राक्षबागवाला मोटरसायकलवर आला. चेहरा उतरलेला. “म्या बांधायला नको हुतं, आक्का. चुकलंच. पर रात्री त्येनं लई घोर लावला.” चहा झाला. थोडा वेळ कुणीच बोलेना. मग तो आपला सहज म्हणाला, “देवाला दोन गावं चालत्यात. कुत्र्याला का चालू न्हाईत?”

मामी त्याच्याकडे पाहत राहिली.

“आणि माणसाला रे?” तिने विचारले.

त्या प्रश्नाला उत्तर द्यायला आम्हाला दुपार झाली. पुण्याला फोन झाले. मामेभाऊ आधी वैतागला, मग गप्प झाला, मग म्हणाला, “आई, तू हे आधी का नाही बोललीस?” मामी म्हणाली, “मला कुणी विचारलं नाही.” शेवटी ठरले ते असे. घर विकायचे नाही. मामीने पुण्याला राहायचे, औषधपाणी तिथेच. पण पौषात, देव मैलारपूरला असतो त्या दिवसांत, तिने नळदुर्गला येऊन राहायचे. शेजारणीने रात्री सोबतीला झोपायचे. वाघ्या अणदूरला, पण मोकळा. तो नळदुर्गला आला तर शेजारणीने भाकरी घालून फोन करायचा, आणि कुणी त्याला रागवायचे नाही. मामी आली की तो तिचा.

“लिहून घे,” मामी मला म्हणाली. “तोंडी नको. देवाचाही लेखी असतो.”

मामांच्या टेबलावरच्या कॅलेंडराचे जुने पान फाडून त्याच्या पाठीमागे मी ते सारे लिहिले. दोघांनी सह्या केल्या. मामीची सही मी जन्मात पहिल्यांदाच पाहिली. वळणदार होती.

मामी पुण्याला गेली. दर दहा-पंधरा दिवसांनी वाघ्या नळदुर्गला यायचा, बंद दारापुढे बसायचा, टपरीवर अर्धे बिस्किट खायचा आणि संध्याकाळी आपल्या पायांनी अणदूरला परतायचा. शेजारणीचा फोन पुण्याला जायचा. फोनवर मामी एकच प्रश्न विचारायची, पाण्याचा.

13 जानेवारी 2025 ला पौष पौर्णिमा होती. मी यात्रेला म्हणून दोन दिवस आधी गेलो. माळावर भंडारा उधळायला सुरुवात झाली होती, गाव माणसांनी फुगले होते. पहाटे उठलो तर घरात मामी नाही आणि पायरीवर वाघ्या नाही. मला वाटेल ते वाटले. चपला घालून धावत सुटलो.

पहिल्याच वळणावर दोघे दिसले. पन्नास वर्षांच्या संसारात जिने बाहेरचा चहा कधी तोंडाला लावला नव्हता ती मामी टपरीच्या बाकड्यावर शाल पांघरून बसली होती, हातात बशी. टपरीवाल्याने बिस्किटाचे दोन तुकडे केले होते.

“बस,” मामी म्हणाली. “इथून पुढं शाळेकडं जायचं असतं. हा दाखवतो.”